कोल्हापूरचा पांढरा, जर्मनीचा पांढरा

कोल्हापूर : महाद्वार रोडवरील कापडाच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला आलेली जुनीजाणती बाई एक गोष्ट सहसा चुकवत नाही. पसंत पडलेला शालू हातात घेऊन ती दुकानाच्या पायरीपर्यंत येते, त्याचा पदर उन्हात धरते आणि मगच किमतीचा विषय काढते. ट्यूबलाइटच्या उजेडात दिसलेल्या रंगावर तिचा विश्वास नसतो. रंग कोणत्या उजेडात पाहायचा हे आधी ठरल्याशिवाय त्याविषयी बोलण्यात अर्थ नाही, हे रंगशास्त्रातले पहिले सूत्र तिला कुणी शिकवलेले नसते. अनुभवाने ते तिच्या अंगवळणी पडलेले असते. याच सूत्राने १९३३ मध्ये कोल्हापूरच्याच एका कलावंताची कठोर परीक्षा घेतली. त्या परीक्षेनंतर पुन्हा पूर्ण रंगीत चित्रपट पडद्यावर आणण्यास त्यांना बावीस वर्षे लागली. ते कलावंत म्हणजे चित्रपती व्ही. शांताराम.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या उदार आश्रयामुळे त्या काळी या नगरीत गवई, मल्ल, नट आणि चित्रकार यांची मांदियाळी जमली होती. घरची परिस्थिती मात्र बेताचीच. पोरवयातच शांतारामांना हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम करावे लागले. तिथल्याच एका पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम करता करता पडद्यावरच्या हलत्या चित्रांचे वेड त्यांना लागले. १९२० मध्ये ते कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले आणि बाबूराव पेंटर नावाच्या विलक्षण माणसाच्या हाताखाली त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, हे हाडाचे चित्रकार होते. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या कारागिराने चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. त्यांच्या कंपनीत कामाची वाटणी अशी नव्हतीच. शांतारामांनी तिथे झाडलोट केली, सामान वाहिले, रसायनांच्या खोलीत हात काळे केले, १९२१ च्या ‘सुरेखाहरण’मध्ये भूमिकाही केली. दामले आणि फत्तेलाल हे पुढचे सहकारी त्यांना तिथेच भेटले.

त्या मूकपटांच्या जमान्यात कॅमेऱ्यातली फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी असे. निळा रंग तिला लख्ख दिसे. परिणामी नटीच्या कपाळावरचे कुंकू पडद्यावर काळे उमटे, लाल शालू शोकवस्त्रासारखा भासे आणि निळेभोर आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे पडे. अशा फिल्मसाठी कपडे, भिंती आणि चेहरे रंगवायचे, तर ते डोळ्यांना कसे दिसतात यापेक्षा फिल्मला कसे दिसतील याचा विचार करावा लागे. झगझगीत पांढरे वस्त्र कॅमेऱ्यापुढे भगभगते, म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून मंद करण्याची युक्ती तर चित्रपटाच्या धंद्यात पुढे कित्येक वर्षे चालली. पडद्यावर पांढरे दिसावे म्हणून प्रत्यक्षात ते मळकट करायचे! मूकपटांच्या शाळेत शिकलेल्या पिढीला, पांढरेपणा वस्तूत नसतो, तो ठरवावा लागतो, ही गोष्ट अशी व्यवहारातून कळली होती. कृष्णधवल चित्रपटात हे ठरवणे सोपे होते, कारण काळ्या-पांढऱ्याच्या शिडीत किती पायरी वर वा खाली एवढाच प्रश्न असे.

१ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ‘गोपाळकृष्ण’पासून सुरुवात झाली, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडद्याला वाचा दिली आणि तुतारी फुंकणारी प्रभातची मुद्रा घराघरांत पोचली. आवाज आला, आता रंग हवा, असे शांतारामांच्या महत्त्वाकांक्षी मनाने घेतले नसते तरच नवल. विषय निवडला तोही गुरूंचाच : ‘सैरंध्री’. तेरा वर्षांपूर्वी कोल्हापूरच्याच मातीत काळ्या-पांढऱ्यात अवतरलेली द्रौपदी आता रंगांत अवतरणार होती.

भारतातील आरंभीच्या रंगीत चित्रपटांत ‘सैरंध्री’चे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. परंतु रंगीत फिल्म धुण्याची आणि तिच्या प्रती काढण्याची सोय तेव्हा देशात नव्हती. त्यामुळे चित्रीकरण इथे आणि प्रक्रिया जर्मनीत असा द्राविडी प्राणायाम करावा लागला. शांताराम स्वतः जर्मनीला गेले. तिथले स्टुडिओ, तिथली यंत्रे, तिथली शिस्त त्यांनी डोळे भरून पाहिली. त्या प्रवासाचे ऋण पुढे ‘अमृतमंथन’च्या छायाचित्रणात दिसते. ज्यासाठी गेले ते काम मात्र मनासारखे झाले नाही. प्रती तयार झाल्या, चित्रपट लागला, आणि रंग पाहून प्रेक्षक हरखून जाण्याऐवजी बिचकले. रंग भडक वाटले, कृत्रिम वाटले. चित्रपटाला यश लाभले नाही.

या अपयशाचे एक कारण उघड आहे. तीन रंगांची टेक्निकलर पद्धत १९३२ मध्ये अमेरिकेत नुकतीच एका लघु व्यंगपटापुरती वापरली गेली होती. इतरांना उपलब्ध होती ती दोन रंगांची पद्धत. त्यात एक बाजू नारिंगी-तांबडी आणि दुसरी निळी-हिरवी. साऱ्या सृष्टीचे रंग या दोघांच्या मिश्रणातून काढायचे. हळदीचा अस्सल पिवळा, जांभळ्याची खोली, निरभ्र आकाशाचा निळा यांपैकी काहीच त्यात नीट उतरत नाही. एवढे असूनही, दोन रंगांच्या पद्धतीतले काही पाश्चात्य चित्रपट प्रेक्षकांनी तेव्हा आवडीने पाहिले होते, हे विसरता येत नाही. म्हणून दुसऱ्या कारणाकडे वळावे लागते. ते पद्धतीच्या बाहेरचे आहे.

माणसाचा डोळा हा मोठा समजूतदार अवयव आहे. अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सवाच्या दिवसांत मावळत्या सूर्याचे सोनेरी किरण गाभाऱ्यात शिरतात. तिथे उभ्या असलेल्या भाविकाचे धोतर त्या क्षणी वस्तुतः पिवळे झालेले असते. त्याला स्वतःला आणि शेजारच्याला ते पांढरेच दिसते. कंदिलाच्या उजेडात वाचलेल्या पोथीचा कागदही पांढराच भासतो. भोवतालचा उजेड कसा आहे हे मेंदू ओळखतो आणि त्या उजेडातले सर्वांत उजळ, निर्विकार असे जे काही असेल त्याला पांढरे मानून बाकीचे रंग त्याच्या हिशेबाने लावतो. फिल्मला ही समज नाही. तिच्यावर जेवढा तांबडा आणि जेवढा निळा प्रकाश पडतो तेवढाच ती नोंदवते. पुढे प्रत काढताना दिव्यांचा तोल साधून कुणीतरी तिला सांगावे लागते, की या चित्रातली ही गोष्ट पांढरी समज.

‘सैरंध्री’च्या बाबतीत हे सांगणारा मनुष्य जर्मनीत होता आणि उजेड कोल्हापूरचा होता. दख्खनच्या पठारावरचे लख्ख ऊन, तांबूस मातीवरून उसळून आलेली त्याची झळाळी, गव्हाळ आणि सावळ्या कांतीचे नट, भरजरी लाल-हिरवी वस्त्रे, हे सारे त्या फिल्मवर नोंदले गेले होते. उत्तर युरोपच्या करड्या आकाशाखाली वावरणाऱ्या तंत्रज्ञाने आपल्या दिव्याखाली, आपल्या सवयीच्या कांतीच्या अंदाजाने तोल लावला असेल तर त्यात त्याचा दोष काढता येत नाही. कोल्हापूरचा पांढरा कोणता, हे त्याला कळवण्याची भाषाच चित्रपटाच्या व्यवहारात तयार नव्हती. शांताराम तिथे हजर होते हे खरे. पण मूळ दृश्य हजारो मैल मागे राहिलेले, आणि आठवणीतला रंग दुसऱ्याच्या दिव्याखाली ताडून पाहता येत नाही. शालू पायरीवर नेऊन पाहायचा, तर तिथे पायरीही परकी आणि ऊनही परके.

योगायोग असा, की ही भाषा त्याच सुमारास घडत होती. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज येथे आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाचे अधिवेशन भरले आणि रंग आकड्यांत मांडण्याची पद्धत जगाने प्रथमच एकमताने स्वीकारली. तिच्या मुळाशी राइट आणि गिल्ड या दोन इंग्रज संशोधकांनी केलेले प्रयोग होते. एकाने दहा आणि दुसऱ्याने सात, अशा अवघ्या सतरा माणसांच्या डोळ्यांवरून सर्वसाधारण मानवी दृष्टी कशी असते हे ठरवले गेले. पुढे जगभरच्या रंगगिरण्यांनी, छापखान्यांनी आणि दूरचित्रवाणीने ज्यावर भिस्त ठेवली ती दृष्टी सतरा जणांची आहे, ही गोष्ट मोठी गमतीची वाटते.

त्याच अधिवेशनात प्रमाण उजेडही ठरले. विजेच्या दिव्याच्या पिवळसर प्रकाशाला ‘ए’, दुपारच्या सूर्यप्रकाशाला ‘बी’ आणि सरासरी दिवसाच्या उजेडाला ‘सी’ अशी अक्षरे मिळाली. ‘बी’ आणि ‘सी’ मिळवायचे तर ‘ए’ दिव्यापुढे निळ्या द्रावणांच्या काचेच्या पेट्या ठेवायच्या, ही कृतीही नेमून दिली. आता लंडनच्या प्रयोगशाळेने एखाद्या रंगाचे आकडे ‘सी’ उजेडाखाली मोजले, तर बर्लिनच्या प्रयोगशाळेला तोच रंग पुन्हा सिद्ध करता येणार होता. उजेड न सांगता नुसते आकडे कळवले, तर ते पत्ता नसलेल्या पाकिटासारखे. दोन्ही टोकांना पांढऱ्याची व्याख्या एक हवी. ती कोणती, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे. ‘सैरंध्री’ जर्मनीला गेली तेव्हा या ठरावाला दोनच वर्षे झाली होती आणि चित्रपटांच्या रसायनखोल्यांपर्यंत असे ठराव पोचायला काळ जावा लागतो.

१९३३ मध्येच प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्यात बस्तान हलवले. पुढची कारकीर्द मराठी वाचकाला तोंडपाठ आहे : ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’. १९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडली आणि मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभारले. ‘शकुंतला’ आणि ‘डॉ. कोटणीस’ आले, ‘अमर भूपाळी’ आला. या सगळ्या काळात त्यांच्या हातून पूर्ण रंगीत चित्रपट झाला नाही. दरम्यान अर्देशिर इराणी यांच्या ‘किसान कन्या’ने १९३७ मध्ये देशातच रंगीत प्रक्रिया करून दाखवली होती. पोळलेल्या माणसाने ताकही फुंकून प्यावे, तसे शांताराम रंगांपासून दूर राहिले, असा अर्थ यातून काढण्याचा मोह होतो. युद्धकाळातील फिल्मची टंचाई आणि रंगाचा अवाढव्य खर्च हीसुद्धा कारणे होतीच.

१९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ प्रदर्शित झाला. गोपीकृष्ण आणि संध्या यांची नृत्ये, वसंत देसाई यांचे संगीत आणि टेक्निकलरचे रंग. चित्रपट कमालीचा गाजला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बावीस वर्षांत दोन गोष्टी बदलल्या होत्या. रंग दोनाचे तीन झाले होते. आणि टेक्निकलरने चित्रीकरणाची जागा व प्रयोगशाळा यांच्यात एक साधासा दूत नेमला होता. दृश्य घेतल्यावर कॅमेऱ्यापुढे त्याच उजेडात पांढऱ्या-करड्या रंगाचा एक पुठ्ठा धरून काही फूट फिल्म चालवायची, अशी त्या पद्धतीतली रीत. स्टुडिओत त्याला लाडाने ‘लिली’ म्हणत. प्रत काढणारा तंत्रज्ञ आधी तो पुठ्ठा निर्विकार करड्या रंगाचा दिसेपर्यंत दिवे जुळवी. बाकीचे रंग मग आपोआप मार्गी लागत. त्या तंत्रज्ञाने कोल्हापूरचे ऊन पाहिलेले असण्याची गरज उरली नव्हती. पुठ्ठ्याने ते त्याच्यापर्यंत पोचवले असते. ‘सैरंध्री’च्या डब्यांत असा एखादा पुठ्ठा गेला असता तर दोन रंगांच्या पद्धतीने तीन रंगांची करामत केली नसती, हे खरे. पण सावळ्या कांतीला तिचा हक्काचा वर्ण मिळण्याची शक्यता वाढली असती, असे म्हणायला जागा आहे.

यानंतर शांताराम पुन्हा काळ्या-पांढऱ्याकडे वळले. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या कथेवर त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि जेलरची भूमिका स्वतःच केली. १९५७ चा हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलाचा मानकरी ठरला. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या देशाने रंगात निराश केले होते, त्याच देशाने काळ्या-पांढऱ्याला डोक्यावर घेतले. परंतु या चित्रपटाची किंमत डोळ्यांनी मोजावी लागली. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगाचे चित्रीकरण करताना शांतारामांच्या डोळ्यांना जबर इजा झाली आणि काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहण्याची वेळ आली. जन्मभर ज्याने दुसऱ्यांना दाखवण्याचा धंदा केला त्याला दिसणार की नाही, हाच प्रश्न पडला होता.

दृष्टी वाचली. १९५९ मध्ये ‘नवरंग’ आला. त्याच्या आरंभी शांताराम स्वतः पडद्यावर येऊन प्रेक्षकांना सांगतात, की डोळ्यांपुढे अंधार असताना त्यांना आत रंगच रंग दिसू लागले आणि त्या रंगांतून हा चित्रपट सुचला. ‘नवरंग’मधील रंगांचा उधळेपणा काही समीक्षकांना तेव्हाही रुचला नव्हता, आजही रुचत नाही. पट्टीखालच्या डोळ्यांसमोर कोणताही उजेड नसतो आणि म्हणून कोणता पांढराही नसतो. तिथले रंग कशाशी ताडून पाहायचे नसतात. ‘सैरंध्री’चा भडकपणा नकळत झालेला होता, ‘नवरंग’चा भडकपणा कलावंताने ठरवून घेतलेला आहे. हा फरक ध्यानात घेतल्यास त्या चित्रपटाकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलेल.

१९७२ चा ‘पिंजरा’ हा शांतारामांच्या उतारवयातला मराठीतील मोठा विक्रमी चित्रपट. डॉ. श्रीराम लागूंनी रंगवलेले मास्तर आरंभी शुभ्र धोतर-टोपीत वावरतात. गावाच्या नजरेत ती शुभ्रता म्हणजेच मास्तर. तमाशातील चंद्रकलेच्या रंगीबेरंगी दुनियेत ते हळूहळू ओढले जातात आणि गावाने ज्याला देव मानले तो माणूस फडावर पडेल ते काम करू लागतो. कथेचा सारा भार पांढऱ्या वस्त्रावर आहे.

व्ही. शांताराम यांचे ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत निधन झाले. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांनी हयातीत स्वीकारला; पद्मविभूषण १९९२ मध्ये मरणोत्तर मिळाले. तोवर त्यांचे चित्रपट थिएटरांतून घराघरांतल्या पडद्यावर आले होते आणि पांढऱ्याचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहिला होता.

देशात १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले. अमेरिकेने १९५३ मध्ये रंगीत दूरचित्रवाणीसाठी तो जुना ‘सी’ उजेड पांढरा मानला होता. आयोगाने १९६० च्या दशकात ‘डी-६५’ नावाचा नवा दिवसाचा उजेड ठरवला, आणि युरोपने व पुढे बहुतेक जगाने दूरचित्रवाणीसाठी तो पत्करला. जपानने मात्र त्याहून बराच निळसर पांढरा पसंत केला. निळसर पांढरा अधिक स्वच्छ भासतो, हे जपानी अभियंत्यांच्या आधी आपल्याकडच्या धोब्यांना ठाऊक होते. धोतराला नीळ घालतात ती त्याचसाठी. थिएटरातील प्रोजेक्टरच्या दिव्याचा पांढरा ‘डी-६५’पेक्षा पिवळट असतो. त्या दिव्यासाठी जुळवलेली प्रत जशीच्या तशी दूरचित्रवाणीच्या पांढऱ्यावर नेली, की संध्याकाळचे दृश्य सकाळचे वाटू लागते. म्हणून चित्रपट व्हिडिओवर उतरवताना एका पांढऱ्याचा हिशेब दुसऱ्यात मांडावा लागतो. तो मांडताना दोन्ही पांढरे नेमके माहीत असावे लागतात.

त्यातून त्या काळातल्या अनेक रंगीत प्रतींचे निळे आणि हिरवे रंग काळाबरोबर उडून गेले आणि मागे उरली ती गुलाबी-तांबडी छटा. टेक्निकलरच्या छापील प्रती त्या मानाने टिकाऊ. इतर रंगीत फिल्मचे तसे नाही. अशी उडालेली प्रत संगणकावर पूर्ववत करायला बसलेला तंत्रज्ञ चौकटीत काहीतरी असे शोधतो, जे चित्रीकरणाच्या दिवशी नक्की पांढरे होते. कधी चुन्याची भिंत सापडते, कधी कागद, कधी एखाद्याची टोपी. ती टोपी चहाच्या पाण्यात बुडवलेली होती काय, हे सांगणारे कुणी उरलेले नसते. तंत्रज्ञ तिच्यावर बोट ठेवतो, ती पांढरी करतो आणि बाकीचे चित्र तिच्यामागोमाग सरकते. मग तेच चित्र कुणी मोबाइलवर पाहतो, ज्यावर रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळसर उजेड लावून ठेवलेला असतो, आणि गुरुजींचे धोतर पुन्हा एकदा मळते.